एकट्या डॉक्टरला धाडू नका

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिलं, ही बातमी आता बातमीही राहिलेली नाही. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. हे मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. आणि याच दोन जिल्ह्यांत आरोग्य केंद्राला एमबीबीएस डॉक्टर मिळत नाही म्हणून दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्रामसभेत आरडाओरडा होतो, निवेदनं जातात, दवाखान्याला टाळं ठोकायचा इशारा दिला जातो. हुशार पोरं इथलीच आणि रिकाम्या खुर्च्याही इथल्याच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं मात्र फारसं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे ठरलेलं उत्तर एकच आहे: हल्लीच्या डॉक्टरांना सेवाभाव उरला नाही, सगळ्यांना मुंबई-पुण्यात दुकान थाटायचंय. मी दक्षिण रत्नागिरीत तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. सरकारी नोकरीत नाही, त्यामुळे सरकारी व्यवस्थेची वकिली करायचं मला कारण नाही. पण आसपासच्या आरोग्य केंद्रांत बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेली पोरंपोरी संध्याकाळी चहाला येतात, अडलं तर रात्री फोन करतात. त्यांच्याकडे बघून हे सेवाभावाचं निदान मला पटत नाही. पहिल्या महिन्यात त्यांच्यात हुरूप असतो. स्वतःच्या खिशातून भिंतीला रंग लावून घेणारे मी पाहिलेत. सहाव्या महिन्यापर्यंत तो हुरूप आटलेला असतो आणि टेबलावर पीजीच्या तयारीची पुस्तकं आलेली असतात. मधल्या काळात काय होतं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पोरांच्या स्वभावात शोधून सापडायचं नाही.

आधी इथे सेवा कुणाची करायची ते बघू. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या आत आली. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. मुलींचं कौतुक म्हणून हा आकडा भाषणात टाळ्या घेतो. त्याचा खरा अर्थ इतकाच की कमावते पुरुष विरार-नालासोपाऱ्यात आहेत आणि गावात म्हातारे, बायका आणि शाळकरी पोरं आहेत. म्हणजे इथल्या ओपीडीत रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू, न भरणारी जखम आणि एकटेपणा. वैद्यकीय महाविद्यालयात ज्या थरारक केसेसवर मुलांचं मन बसतं, त्या इथे रोज येत नाहीत.

आणि निर्णय घेणारा माणूस खोलीत नसतो. सत्तरी ओलांडलेल्या आजीचा रक्तदाब वर गेलाय, तोंड किंचित वाकडं झालंय, तिला तातडीने हलवायला हवं. आजी शुद्धीत आहे, सगळं कळतंय, पण एकच घोषा लावलाय, "डॉक्टरांनू, झिलाक इचारूक व्हया." झील म्हणजे मुलगा, तो चर्चगेटच्या गाडीत उभा. फोन लागतो, तुटतो, पुन्हा लागतो. स्पीकरवर गर्दीचा आवाज. तो विचारतो, "मुंबईला आणू का?" त्याला हे सांगायचं की मुंबईपर्यंत मेंदू थांबणार नाही, आत्ता जवळ जिथे सीटी स्कॅन आहे तिथे न्यायला हवं. गाडी कोण करील, सोबत कोण जाईल, शेजारच्या काकूंच्या घरी गुरं बघायला कोण थांबेल, हेही त्याच फोनवर ठरवायचं. रुग्णाची संमती कशी घ्यायची याचे धडे महाविद्यालयात असतात. हा धडा तिथे नसतो. तो शिकायला कुणीतरी जुना माणूस शेजारी बसलेला लागतो, जो फोन हातात घेऊन म्हणेल, "हां, मी बोलतोय. ऐक आता."

शिवाय कोकणातली गैरसोय किलोमीटरात मोजता येत नाही, ती चढावात मोजावी लागते. महामार्गाच्या कडेला चिपळूण, लांजा, कणकवली, कुडाळ इथे खासगी रुग्णालयांची काही वानवा नाही. उपेक्षित म्हणावीत अशी माणसं आहेत ती सह्याद्रीच्या कुशीतल्या धनगरवाड्यांवर, जिथून आजही आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणतात. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर, जिथली कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. मग पोराची लस, बाईची तपासणी, क्षयाच्या गोळ्या, सगळं अर्धवट राहतं. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण या बंदरांवर नेपाळ, कर्नाटक, ओडिशाकडून आलेले खलाशी आहेत, त्यांचं रेशनकार्ड इथलं नाही आणि आजारपण मात्र इथलं. डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. बारा वाड्यांचं गाव, मधे दोन पऱ्हे (ओढे) आणि एक सडा (कातळाचं उघडं पठार) असला की २० हजार या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की तर तो आकडा फुगतोच.

आता या गावातून डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीचा रस्ता बघा. दहावीला ९५ टक्के. अकरावीला आई-बाप तिला लातूर, कोल्हापूर नाहीतर मुंबईला मावशीकडे ठेवतात, कारण नीटचे क्लास तिथे. घर सुटतं ते सोळाव्या वर्षी. पुढे ज्या महाविद्यालयात नंबर लागेल तिथे, मग इंटर्नशिप, मग पीजीची धावपळ. तिशी येते तेव्हा लग्न, नवरा, घराचं कर्ज सगळं शहरात. 'गावात परत का येत नाहीस?' हा प्रश्न आपण तिला तिशीत विचारतो. तिला गावाबाहेर काढायची सोय आपण चौदा वर्षं आधीच केलेली असते.

राज्यात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० असं प्रादेशिक सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, आणि ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. मराठवाड्यात आनंद झाला, मुंबई-पुण्यात नाराजी. कोकणात कुणाला काही वाटलंच नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं, कारण कोकण 'उर्वरित'मध्ये होतं. गुहागरच्या पोराची स्पर्धा दादरच्या आणि कोथरूडच्या पोराशी. स्वतःचा असा भाग आपल्याला त्या सूत्रातही नव्हता आणि ते गेल्यावरही नाही.

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली, तिचं श्रेय द्यायला हवं. २०२१-२२ च्या तुकडीपासून सिंधुदुर्गात ओरोसला आणि रायगडात अलिबागला, आणि २०२३-२४ पासून रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. प्रत्येकी १०० जागा. डेरवण आणि पडवे इथली खासगी महाविद्यालयं वेगळी. सिंधुदुर्गातली माणसं वर्षानुवर्षं बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, गोव्याच्या दारात जाऊन उभी राहायची. २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत केवढा गहजब झाला होता! रत्नागिरीची माणसं आंबा घाट चढून कोल्हापूरला. त्या पार्श्वभूमीवर तीन जिल्ह्यांत तीन सरकारी महाविद्यालयं हे स्वप्नातही नव्हतं. अध्यापक पुरेसे नाहीत, इमारतींची कामं रखडलीत, हे सगळं खरं असलं तरीही.

पण महाविद्यालय कोकणात आलं म्हणजे डॉक्टर कोकणाला मिळाला, हा हिशेब कच्चा आहे. जागा राज्याच्या गुणवत्ता यादीने भरतात, मुलं राज्यभरातून येतात. येऊ देत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण शंभरातल्या काही जागा त्याच जिल्ह्यात शिकलेल्या मुलामुलींना, आणि प्रवेशाच्या दिवशीच जिल्ह्याशी करार करून द्यायला काय हरकत आहे? जपानने १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी याच हेतूने काढली. डोंगर, बेटं आणि म्हातारी होत चाललेली खेडी हा त्यांचाही प्रश्न. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडायची, फी माफ, आणि पदवीनंतर नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सरकार सांगेल तिथे नोकरी. सेवा पुरी करणाऱ्यांचं प्रमाण उत्तम आणि त्यातले बरेच जण नंतरही तिथेच राहतात. खेड्यात वाढलेली मुलं निवडा आणि शिक्षण शहराबाहेर द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस म्हणून लिहिलं आणि २०२१ मध्ये पुन्हा लिहिलं. एमबीबीएसला रहिवासाची अट घालता येते. पदव्युत्तरला ती घटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे जे काही करायचं ते पहिल्याच दारात करावं लागेल.

यावर 'गुणवत्ता घसरेल' असं म्हणणाऱ्यांनी वर दिलेला ९९.०१ हा आकडा पुन्हा वाचावा. (दहावीच्या मार्कांवर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण गुणवत्तेचा मुद्दा काढणाऱ्यांचा तरी असायला हवा.)

इथे माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारं एक नाव घ्यावं लागेल. कोकणात ग्रामीण डॉक्टर म्हटलं की डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव निघतं, आणि ते कोकणातले नाहीत. जालना जिल्ह्यातून आलेला, नागपूरला शिकलेला हा माणूस १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातली बरीचशी पोरं, तिथे मरत होती. विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी व्हायचं. बावस्कर खाटेशेजारी बसून नाडी, श्वास, घाम, हातापायांचा गारठा टिपत राहिले, त्याबद्दल 'लॅन्सेट'ला लिहीत राहिले. मधे पुण्याला एमडी करून पुन्हा त्याच पट्ट्यात आले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बाहेरचा माणूसही राहू शकतो, हे यातून सिद्ध होतं, कबूल. पण या गोष्टीचा आपण जो उपयोग करतो तो मला खटकतो. दीक्षान्त समारंभात पाहुणे बावस्करांचं, आमट्यांचं, बंग दांपत्याचं उदाहरण देतात आणि समोरच्या मुलांना म्हणतात, तुम्हीही असेच व्हा. मुलं टाळ्या वाजवतात आणि मनात म्हणतात, हे आपल्याला जमणार नाही. त्यांचं बरोबर असतं. जिल्ह्यात साठ-सत्तर आरोग्य केंद्रं असतील तर साठ-सत्तर बावस्कर कुठून आणणार? व्यवस्था आखायची ती साधारण हिमतीच्या, साधारण स्वार्थाच्या, रात्री झोप येणाऱ्या माणसासाठी. असाधारण माणूस आला तर तो आपली वाट काढतोच. बावस्करांच्या गोष्टीतून घ्यायचं ते वेगळंच आहे: आरोग्य केंद्राच्या खाटेवर जगाला माहीत नसलेलं ज्ञान पडलेलं असतं. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप निघाला, तेव्हाही हेच दिसलं. पुस्तकात कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला आजार म्हणून दोन ओळींत संपणारा ताप काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना झाला होता. मुलांना इथे यावंसं वाटायला हे पुरेसं आकर्षण आहे. आपण मात्र त्यांना त्यागाची जाहिरात दाखवतो.

महाविद्यालयातल्या पाच वर्षांत गावाची ओळख व्हावी म्हणून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक उपक्रम सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहायचं. कल्पना छान आहे. सेवाग्रामच्या महाविद्यालयात तुकडीने गाव दत्तक घेण्याची पद्धत खूप आधीपासून आहे आणि तिथे तिला अर्थ आहे, कारण मुलं गावात पंधरा-पंधरा दिवस राहतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बस जिथवर जाते तिथवरचीच कुटुंबं दत्तक जातात. डांबरी रस्त्याकडेच्या घरातल्या काकांचा रक्तदाब मुलं पुनःपुन्हा मोजतात आणि वरच्या धनगरवाडीतल्या बाईचा एकदाही मोजत नाहीत. पुढे इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचे तीन महिने असतात. ते खरे तर सोन्यासारखे. प्रत्यक्षात पोरं ते अभ्यासाला मिळालेली सुट्टी समजतात, आणि त्यांना तसं समजू दिलं जातं, कारण पीजीच्या प्रवेश परीक्षेत गावातल्या कामाला एक मार्कही नाही.

मग येतो बाँड. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. सरकारने शिकवलं, त्याची परतफेड करा, यात गैर काही नाही. मात्र परतफेड म्हटलं की ती हप्त्यासारखी उरकली जाते, आणि दंड भरून सुटता येतं म्हटलं की तिची किंमत दहा लाख एवढीच ठरते. ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत तो मोकळा आणि ज्याच्याकडे नाहीत तो खेड्यात, अशी विभागणी आपणच केली. खेड्यात मिळालेला डॉक्टर म्हणजे ज्याला सुटता आलं नाही तो, हे गावालाही कळतं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट आहे ती एकटेपणाची. एक रात्र सांगतो म्हणजे कळेल. ऑक्टोबरचे दिवस, भातकापणी. रात्री साडेनऊला रिक्षातून बाई येते. पायाला फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, चावलंय. कोकणात फुरसं ही काही नवलाई नाही. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने बक्षीस लावलं तेव्हा थोड्याच दिवसांत लाखावर फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. पाय सुजलाय, बाई बोलतेय. विष रक्तात उतरलंय का हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. शिरेतलं दोन मिलिलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग एकदा कलती करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष काम करतंय. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेली नको, फसवते. केंद्रात नळ्या प्लॅस्टिकच्याच असतात. फार्मासिस्ट घरी गेलेला. सिस्टर कपाट उपसून एक काचेची नळी काढतात, ती धुतलेली आहे की नवी, हे त्यांनाही सांगता येत नाही.

वीस मिनिटं. बाईचा दीर दारात उभा, 'कोल्हापूरला नेऊ का?' बाहेर वाडीतली पंधरा माणसं. नळी कलती केली, रक्त वाहिलं. आता प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात द्यायच्या. फ्रीजमध्ये आहेत, मोजल्या. पण प्रतिविषाची रिअॅक्शन येऊ शकते: अंगावर गांधी, उलट्या, श्वास कोंडणं, रक्तदाब कोसळणं. उपाय साधा आहे. मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन, आणि सिरिंज आधीच भरून ठेवायची. चोवीस वर्षांच्या डॉक्टरने हे सगळं वाचलंय, तोंडी परीक्षेत धडाधड सांगितलंय. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जबाबदारीवर, वर कुणी नसताना कधी केलेलं नाही. बाई वाचली तर कुणी विचारणार नाही. गेली तर बाहेरची पंधरा माणसं आत येतील, उद्या व्हिडिओ फिरेल, परवा चौकशी लागेल. तो काय करील? १०८ बोलावून चिठ्ठी लिहील: 'पुढील उपचारासाठी पाठवत आहे.' मी त्याच्या जागी असतो तर त्या वयात मीही हेच केलं असतं. आणि गोठायचं विसरलेलं रक्त घेऊन ती बाई रात्रीची आंबा घाट चढायला निघते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'उपचाराअभावी'. औषध होतं, डॉक्टर होता, चाचणी झाली होती. नव्हता तो फोन उचलून "कर सुरू, मी लाइनवर आहे" म्हणणारा एक माणूस. त्याच डॉक्टरने पहिली तीन प्रतिविषं कुणा जाणत्याच्या सोबतीने दिली असती, तर चौथं त्याने एकट्याने दिलं असतं आणि पाचव्यापासून त्याला या जागेचा अभिमान वाटला असता. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला, नंतर नोंदही सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. उद्दिष्ट चांगलं आहे. ते गाठायचं त्याच पोराच्या हातून आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाँडचा डॉक्टर एकटा पाठवायचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं असतात. प्रत्यक्षात एक भरलं तरी नशीब. समजा शेजारच्या तीन केंद्रांत मिळून तीन डॉक्टर आहेत. आज ते तीन ठिकाणी एकेक बसतात, तिन्ही केंद्रं दिवसा अर्धवट चालतात आणि रात्री तिन्हींमधून माणूस पुढे पाठवला जातो. त्याऐवजी रात्रीची सेवा तिघांनी मिळून एकाच केंद्रात चालवावी: दोन डॉक्टर हजर, प्रतिविष, ऑक्सिजन, प्रसूतीची सोय, गाडी, सगळं तिथे. दिवसा ओपीडी तिन्हीकडे. आणि या तिघांची जबाबदारी जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ठरावीक विभागावर आणि एका ठरावीक प्राध्यापकावर. त्याचं नाव फळ्यावर, नंबर भिंतीवर, आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष भेट. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं असा नियम आहेच, त्यातले काही दिवस या केंद्रांकडे वळवता येतील. दर महिन्याला झालेल्या मृत्यूंवर आणि पुढे पाठवलेल्या रुग्णांवर बसून चर्चा, दोष न लावता. यासाठी नवीन इमारत लागत नाही आणि फारसं नवीन पदही लागत नाही.

याला पहिला विरोध गावाकडून होईल, आणि तो मी समजू शकतो. आपल्या गावचं केंद्र रात्री बंद, शेजारच्या गावचं चालू, हे कुठला सरपंच खपवून घेईल? आमदारांना तर ते परवडणारच नाही. पण लोकांना खरं सांगायला हवं की आज रात्री चालू असलेलं केंद्र म्हणजे दिवा, सिस्टर आणि चिठ्ठी. दहा किलोमीटर दूरचं, पण नक्की उपचार करणारं केंद्र त्याहून जवळ आहे. ही गोष्ट सभेत पटवून देणं अवघड आहे. फुरसं चावल्यावर ती कुणालाही पटते.

दुसरा आक्षेप दूरचिकित्सेचा. ई-संजीवनी आहे, व्हिडिओवर तज्ज्ञ मिळतो, मग माणसं कशाला? रक्तदाबाच्या गोळ्या बदलायला, त्वचेचा चट्टा दाखवायला ती सोय उत्तम आहे, मी स्वतः म्हाताऱ्या रुग्णांना ती वापरायला सांगतो. पण पावसात सड्यावरचा टॉवर पडला की चार दिवस रेंज नसते, आणि अनोळखी तज्ज्ञ पडद्यावरून धीर देत नाही. ज्या सरांनी वॉर्डात शिव्या दिल्या त्याच सरांचा आवाज फोनवर ऐकला तर हात स्थिर होतो. महाविद्यालय जिल्ह्यातच असण्याचा हाच तर फायदा.

आयुर्वेद पदवीधरांचा विषय मी इथे थोडक्यात सोडतो. कोकणातली कित्येक केंद्रं आणि उपकेंद्रं त्यांनीच धरून ठेवलीत, आशाताई आणि आरोग्य सेविकांच्या बरोबरीने. त्यांना रोज राबवून घ्यायचं आणि प्रशिक्षणाची वेळ आली की 'तुम्ही एमबीबीएस नाही' म्हणायचं, हा दुटप्पीपणा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिली पीजी. तरुण डॉक्टरला पीजी करायची असते यात पाप काय आहे? त्याने करावीच, आणि बावस्करांसारखं शिकून परत यावं. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवायचा राज्यांचा अधिकार मान्य केला. बाँडचं एकच वर्ष केलेल्या पोराला त्याचा उपयोग नाही. त्याने इथे दुसरं आणि तिसरं वर्ष राहावं असं वाटत असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जिल्ह्याला लागणाऱ्या विषयांत, म्हणजे स्त्रीरोग, भूल, बालरोग, मेडिसिन यांत, सेवेतली जागा मिळण्याची शाश्वती द्या. सोबत शिकून झाल्यावर पाच वर्षं जिल्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, हा करार करा. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन होत नाही आणि बाईला घाटातून न्यावं लागतं, ही रड मग निदान दहा वर्षांत तरी थांबेल.

हे सगळं एकदम सगळीकडे करा असं मी म्हणत नाही. रत्नागिरी आणि ओरोसच्या महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातला एकेक तालुका घ्यावा. माझ्या मते एक सड्याचा आणि एक घाटाखालचा घ्यावा, महामार्गावरचा अजिबात नको. जिल्हा परिषदेने दर सहा महिन्यांनी तीन आकडे जाहीर करावेत: त्या तालुक्यात सर्पदंशाचे किती रुग्ण प्रतिविष सुरू करून पुढे पाठवले आणि किती न करता, किती बाळंतपणं रात्री तालुक्यातच झाली, आणि बाँड संपल्यावर किती डॉक्टरांनी त्याच केंद्रात दुसऱ्या वर्षासाठी अर्ज केला. पहिले दोन आकडे आरोग्य खात्याच्या वहीत कुठे ना कुठे असतातच. तिसरा आजवर कुणी मागितलेला मी ऐकला नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत एखाद्या सदस्याने तो मागावा.